वजनकाट्यापाशी बारा संदेष्टे

नोकरीतून निवृत्त झालो आणि आमच्या पाळकसाहेबांनी गुरुवारची घरसभा माझ्याकडे सोपवली. विषयही त्यांनीच ठरवला : जुन्या करारातले बारा लघु संदेष्टे, होशेयपासून मलाखीपर्यंत. ‘‘तुम्ही वाचा, लोकांनाही वाचू द्या, प्रश्न पडतील तेवढे पडू द्या,’’ एवढीच त्यांची सूचना होती. माझी सारी नोकरी वजनमापे खात्यात गेलेली. तराजूची दांडी, लोखंडी वजने, रॉकेलची मापे, पेट्रोलपंप हा माझा विषय. मला हिब्रू येत नाही आणि धर्मशास्त्राचे शिक्षणही झालेले नाही. पुढे लिहितो आहे ते एका नवख्या वाचकाचे वाचन आहे, आणि त्यातला गोंधळ मी मुद्दामच तसाच ठेवला आहे.

नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरात मी वाढलो. घरात रोज शास्त्र उघडले जाई. तरी या बारांशी माझी ओळख सणावारापुरतीच होती. नाताळात मीखाचे बेथलेहेमविषयीचे वचन, झावळ्यांच्या रविवारी जखऱ्याचा गाढवावर बसून येणारा राजा, पेंटेकॉस्टला योएल, आणि दानार्पणाची वेळ आली की मलाखी. योना म्हणजे संडे स्कूलच्या फळ्यावर काढलेला मासा. ओबद्या, नहूम, सफन्या ही नावे मात्र तोंडपाठ होती, कारण पुस्तकांची नावे क्रमाने म्हणून दाखवण्याची स्पर्धा असे. त्या पुस्तकांच्या आत काय आहे, हे त्या स्पर्धेत कोणी विचारत नसे.

सलग वाचायला बसलो तेव्हा काही हाती लागेना. शुभवर्तमानात गोष्ट पुढे सरकते; इथे गोष्टच नाही. एका ओळीतला ‘मी’ संदेष्टा असतो, पुढच्या ओळीतला ‘मी’ परमेश्वर. आत्ता संताप, लगेच पान्हा फुटावा तशी माया, पुन्हा संताप. क्रमही काळाचा नाही. आमोस बोलला तो इसवी सनापूर्वी ७६०च्या सुमारास. हाग्गयाच्या पुस्तकात तर दाऱ्यावेश राजाच्या दुसऱ्या वर्षाच्या, म्हणजे इ. स. पू. ५२०च्या, महिना-दिवसासह तारखा दिल्या आहेत. आणि योएलाने कोणत्याच राजाचे नाव घेतलेले नाही. पुस्तके लांबीने लहान म्हणून लघु. ओबद्या तर २१ वचनांत संपतो. यहुदी परंपरेत ही बाराही एकाच गुंडाळीवर लिहीत आणि एकच पुस्तक म्हणून मोजत.

गोंधळात भर पडली ती विरोधांमुळे. मीखा सांगतो की राष्ट्रे एक दिवस तलवारी मोडून त्यांचे नांगराचे फाळ करतील. योएलाच्या शेवटच्या अध्यायात नेमके उलटे : फाळ मोडून तलवारी करा, असा पुकारा. योनाच्या पुस्तकात निनवेवर देवाला दया येते, आणि मधे मीखाचे एक पुस्तक गेले की लगेच नहूम त्याच निनवेच्या नाशाचा जल्लोष करतो. यातले कोणते धरायचे? आमच्या घरसभेतल्या एका तरुणाने पहिल्याच बैठकीला हे विचारले. मी त्याला सांगितले की मलाही तेच विचारायचे आहे.

आमोसाच्या आठव्या अध्यायापाशी आलो आणि एकदम ओळखीच्या मुलखात आल्यासारखे झाले.

तिथे इस्राएलातले धान्याचे व्यापारी आहेत. धार्मिक आहेत. अमावास्येचा सण पाळतात, शब्बाथाला दुकान बंद ठेवतात. पण सण कधी संपतो आणि कोठाराचे दार कधी उघडते, एवढाच विचार डोक्यात. दार उघडल्यावर काय करायचे तेही ठरलेले आहे. एफाचे माप लहान करायचे, शेकेलचे वजन वाढवायचे, ताजव्यात खोट ठेवायची आणि गव्हाबरोबर खाली पडलेले भूस-मातेरेही विकायचे. चारच गोष्टी, पण इतक्या नेमक्या की हा माणूस बाजारात उभा राहून आला आहे याची मला खात्री पटली. नुसत्या ऐकीव माहितीवर कोणी असे लिहू शकत नाही.

माप लहान केले हे सगळ्यांना कळले. पण वजन वाढवले तर गिऱ्हाइकाचा फायदाच की, असे एकीने विचारले. प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर माझ्या धंद्यातले होते. त्या काळी नाणी नव्हती. नाणे पाडायला सुरुवात झाली ती लिडियात, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानात, आमोसानंतर शंभराहून अधिक वर्षांनी. तोवर चांदीचे तुकडे तोलून किंमत चुकवत. म्हणजे दुकानात दोन मोजण्या होत : धान्य एफाने मापून गिऱ्हाइकाला द्यायचे, आणि गिऱ्हाइकाची चांदी शेकेलच्या दगडाने तोलून घ्यायची. एफा म्हणजे धान्याचे माप, अंदाज वेगवेगळे असले तरी साधारण २२ लिटरचे धरतात. दगड जड असला की तेवढ्याच मापाला चांदी जास्त पडते. देताना लहान माप, घेताना मोठा दगड. यहूदाच्या उत्खननांत असे दगड पुष्कळ मिळाले आहेत, बहुतेक आमोसाच्या नंतरच्या पिढ्यांतले. चुनखडीचे, वरून घुमटासारखे, खालून सपाट, त्यावर शेकेलची खूण आणि आकडा कोरलेला. त्यांवरून एक शेकेल सुमारे ११.३ ग्रॅम भरतो. तळहातावर सहज मावेल एवढा दगड. त्यात अर्ध्या ग्रॅमचा फरक डोळ्यांना दिसत नाही आणि हाताला कळत नाही.

तिसरी गोष्ट ताजव्याची. दांडीचा एक हात दुसऱ्यापेक्षा किंचित लांब ठेवला की रिकामी पारडी समतोल दिसतात, पण तोल खोटा होतो. तपासायची रीत सोपी आहे. माल आणि वजन यांच्या पारड्यांची अदलाबदल करायची. दांडी खरी असेल तर काटा जागच्या जागी राहतो. मी हे आठवडे बाजारांत कितीतरी वेळा केले आहे. ओतीव लोखंडी वजनाच्या भोकात शिसे भरलेले असते, त्यावर आमच्या खात्याची मुद्रा, वर्ष आणि तिमाहीचे अक्षर. ते शिसे खरवडून काढलेले असे, तर कधी मापाचा तळ आत ठोकलेला. वर वैध मापनशास्त्राचा २००९चा कायदा, त्याआधी १९७६चा, त्याआधी १९५६चा. कायदे बदलत गेले. मापात पाप करणाऱ्याचा हात मात्र आमोसाने टिपला तसाच राहिला.

यावर घरसभेतले एक ऊस उत्पादक शेतकरी हळूच म्हणाले, ‘‘भाऊ, आमोस आमच्या काट्यावर येऊन गेलेला दिसतोय.’’ काटामारी हा शब्द आमच्याकडे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. ट्रॉली साखर कारखान्याच्या काट्यावर चढते, पडद्यावर आकडा येतो, आणि वर्षभराच्या मेहनतीचे काय झाले ते त्या आकड्यावर ठरते.

मग मी शोधायला लागलो. होशेयाच्या बाराव्या अध्यायात खोटा ताजवा हाती धरलेला व्यापारी आहे. मीखाच्या सहाव्या अध्यायात तुटीचे माप आणि कपटी वजनांची थैली आहे. आठव्या शतकातल्या तीन वेगवेगळ्या माणसांनी, इस्राएल आणि यहूदा या दोन वेगवेगळ्या राज्यांत, देवाच्या वतीने बोलताना तराजूचा विषय काढला. जखऱ्याकडे आलो तेव्हा तर थक्क झालो. त्याला दृष्टान्तात एफाचे माप दिसते. त्यावर शिशाचे झाकण आहे. झाकण उचलले जाते तर आत एक बाई बसलेली. ती म्हणजे दुष्टता, असे देवदूत सांगतो, तिला परत आत ढकलतो आणि झाकण लावतो. मग करकोच्याचे पंख असलेल्या दोन स्त्रिया ते माप उचलून शिनार देशी, म्हणजे बाबेलकडे, नेतात. या दृष्टान्ताचे सगळे अर्थ मला लागले असे म्हणवत नाही, आणि दुष्टतेला बाईचे रूप का, हा आमच्या बायकांनी विचारलेला प्रश्नही खराच आहे. पण देशातले पाप कुठे दडले आहे हे दाखवताना देवदूताने धान्याच्या मापाचे झाकण उचलले, एवढे मला स्वच्छ दिसले.

आमोसाचा आणखी एक आरोप तराजूपेक्षा वाईट आहे. गरिबाची जोडाभर वहाणांसाठी खरेदी-विक्री होते, असे तो दोनदा म्हणतो. आणि गहाण घेतलेले कपडे अंथरून लोक वेदीशेजारीच लवंडतात. मोशेच्या नियमशास्त्रात गरिबाचे पांघरूण गहाण घेतले तर सूर्यास्तापूर्वी परत द्यावे असे आहे, कारण रात्री पांघरायला त्याच्याकडे दुसरे काही नसते.

हे वाचताना मला एका खापराची माहिती मिळाली आणि ती मी सभेत वाचून दाखवली. इस्राएलच्या किनाऱ्याजवळ मेसाद हशाव्याहू नावाच्या जागी १९६० साली शाईने लिहिलेले खापराचे तुकडे सापडले. काळ इसवी सनापूर्वीचे सातवे शतक. एका कापणी कामगाराने अधिकाऱ्याकडे केलेला तो अर्ज आहे, बहुधा लेखनिकाकडून लिहवून घेतलेला. आपण ठरलेली कापणी पुरी केली, धान्य कोठारात भरले, तरी शोबयाचा मुलगा होशायाहू आला आणि आपले वस्त्र घेऊन गेला, अशी त्याची तक्रार आहे. उन्हात बरोबर कापणी करणारे भाऊबंद साक्ष देतील, आपण निर्दोष आहोत, वस्त्र परत मिळावे, असे तो विनवतो. अर्जाचे पुढे काय झाले याची नोंद नाही. अर्ज तेवढा उरला.

सभेत एक बाई आहेत. त्यांचे आईवडील दर दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जात. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘‘मुकादमाची उचल फिटायचीच नाही. फिटली नाही म्हणून पुढच्या हंगामाला परत त्याच टोळीत. वहाणांची जोडी म्हणजे काय ते मला कोणी सांगायला नको.’’ त्या दिवशी मी पुढे काही शिकवले नाही. शिकवण्यासारखे माझ्याकडे काही नव्हतेही.

आमोसाच्या काळी इस्राएलची राजधानी शोमरोन भरभराटीत होती. यराबाम दुसरा याची राजवट, सरहद्दी वाढलेल्या, व्यापार जोरात. हस्तिदंती पलंगांवर पसरलेले, उत्तम तेल अंगाला चोळणारे, वाडग्यांनी द्राक्षारस पिणारे श्रीमंत त्याने वर्णिले आहेत. १९०८ ते १९१०च्या उत्खननात तिथल्या राजवाड्याच्या आवारात जी लिखित खापरे मिळाली, त्यांत जुना द्राक्षारस आणि शुद्ध तेल कुठून कोणासाठी आले याच्या नोंदी आहेत. १९३०च्या दशकात हस्तिदंती नक्षीचे तुकडेही ढिगाने मिळाले. आमोसाने सांगितलेले सामान जमिनीतून वर आले. इ. स. पू. ७२२च्या सुमारास अश्शूरांनी ते राज्य संपवले.

पण मला खरे हादरवले ते पाचव्या अध्यायाने. तिथे परमेश्वर म्हणतो की तुमच्या सणांचा मला तिटकारा आहे, तुमची अर्पणे मी बघणारही नाही, तुमच्या गाण्यांचा गलबला माझ्यापुढून दूर करा. त्यापेक्षा न्याय पाण्यासारखा वाहू द्या. हे तो मूर्तिपूजकांना म्हणत नाही, नास्तिकांना म्हणत नाही. नियमाने उपासनेला येणाऱ्यांना म्हणतो. आम्ही ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक हातात घेऊन वाढलेली माणसे. ना. वा. टिळकांची भजने आम्हाला पुस्तकाशिवाय येतात. मी ते वचन मोठ्याने वाचले तेव्हा खोलीत पेटी होती, तबला होता, सभेच्या सुरुवातीला आम्ही दोन भजने म्हटली होती. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ साली वॉशिंग्टनच्या भाषणात याच वचनाचा आधार घेतला, हे मी शाळेत असल्यापासून ऐकून होतो. त्यातला न्यायाचा भाग लक्षात राहिला होता. त्याच्या अगोदरची गाणी बंद करण्याची आज्ञा मात्र कधी कोणी आमच्यापुढे वाचली नव्हती.

उपासना आणि बाजार यांची दोन खाती आपण वेगवेगळ्या वह्यांत ठेवतो; आमोसाचा देव दोन्ही रकमा एकाच पानावर मांडतो. बारा पुस्तकांतून मला मिळालेली मुख्य गोष्ट हीच, आणि बाकी सगळे मी तिच्या उजेडात वाचले.

आमोसाला गप्प करायला बेथेलचा याजक अमस्या पुढे आला. हे राजाचे पवित्रस्थान आहे, तू यहूदात जा, तिथे बोल आणि तिथेच भाकर मिळव, असे त्याने सुनावले. भाकरीचा उल्लेख सहज आलेला नाही. संदेश देणे हा पोटाचा धंदा आहे, असे अमस्या धरून चालला होता. आमोसाचे उत्तर असे की मी संदेष्टा नाही, संदेष्ट्याचा मुलगाही नाही. मेंढरांमागचा माणूस, उंबराची झाडे पाहणारा. ते उंबर आपल्या उंबराच्याच जातकुळीतले. फळ पिकावे म्हणून त्याला आधी चाकूने चीर द्यावी लागते, आणि ते झाड उबदार सखल भागात वाढते. त्याचे गाव तकोवा तर यरुशलेमच्या दक्षिणेला, उंच उजाड डोंगरकडेला. म्हणजे झाडांच्या कामासाठी त्याला घर सोडून खाली उतरावे लागत असणार. मीखाही खेड्यातलाच. जो खायला घालील त्याला शांतीचा संदेश आणि जो घालणार नाही त्याच्याविरुद्ध युद्ध, असे करणाऱ्या संदेष्ट्यांवर तो तुटून पडतो. आज मोठाल्या मैदानांवर, पडद्यांवर आशीर्वादाच्या हमी देणारे वक्ते आपल्याकडेही आहेत. त्यांना पारखायचे कसे, असे मला कोणी विचारले तर मी मीखाचा तिसरा अध्याय उघडून देईन.

होशेय मला जड गेला. अजूनही जातो. देव संदेष्ट्याला व्यभिचारी बाईशी लग्न करायला सांगतो, आणि बायकोला उघडी पाडण्याच्या, कोंडण्याच्या भाषेत राष्ट्राला धमकावतो. आमच्या सभेतल्या बायकांना हे अपमानकारक वाटले आणि त्यांनी ते स्पष्ट सांगितले. मी समर्थन करायला गेलो नाही. पण होशेयाच्या मुलांपाशी सगळ्याजणी थांबल्या. मुलीचे नाव लो-रुहामा, म्हणजे जिच्यावर दया झाली नाही ती. धाकट्या मुलाचे लो-अम्मी, माझे लोक नव्हेत. ही नावे घेऊन ती मुले गल्लीत खेळली असतील. साताऱ्याकडच्या एका मावशी म्हणाल्या, ‘‘आमच्यात नकोशी होत्या की.’’ मुलगा हवा असताना मुलगी झाली की तिचे नाव नकोशी किंवा नकुसा ठेवायचे, हे सातारा जिल्ह्यात सर्रास चाले. २०११ साली जिल्हा परिषदेने समारंभ करून अशा शेकडो मुलींना नवी नावे दिली. मावशींच्या नात्यातली एक त्यात होती. होशेयाच्या दुसऱ्या अध्यायात नेमके तेच घडते. देव नावे फिरवतो. दया न झालेलीवर दया होते, जे माझे नव्हते त्यांना तो माझे म्हणतो. मावशींनी हे जोडून दाखवेपर्यंत मी त्या ओळी नुसत्या वाचून पुढे गेलो असतो.

हबक्कूक मात्र पहिल्या वाक्यापासून आपलासा झाला. तो लोकांशी बोलतच नाही, देवाशी भांडतो. किती काळ ओरडू, तू ऐकत का नाहीस? उत्तर मिळते ते आणखी भयंकर : शिक्षा द्यायला मी खास्द्यांना, म्हणजे बाबेलच्या लोकांना, आणतो आहे. हबक्कूक पुन्हा विचारतो की आमच्याहून दुष्ट माणसांच्या हातून आम्हाला शिक्षा, हा कुठला न्याय? आणि पहारेकऱ्यासारखा उत्तराची वाट पाहत बुरुजावर उभा राहतो. देव त्याच्यावर रागावत नाही. उत्तर फळ्यांवर स्वच्छ लिहून ठेव म्हणतो. आमच्या मंडळीत दुःखाच्या घरी गेल्यावर देवाची इच्छा म्हणून सगळे मिटवायची सवय आहे. ज्यांचा तरुण मुलगा गेला ते एक गृहस्थ म्हणाले, ‘‘हे पुस्तक तेव्हा कोणी का नाही वाचलं माझ्यापाशी?’’ शेवटी हबक्कूक अंजीर नाही, द्राक्ष नाही, जैतून नाही, शेतात दाणा नाही, गोठ्यात जनावर नाही अशी यादी देतो आणि तरीही देवाठायी आनंद करीन म्हणतो. पण ती यादी मोठी आहे, आणि तो तिच्यातले काही झाकत नाही. दुष्काळी तालुक्यातल्या माणसाला ही यादी वाचताना एकेक शिवार आठवते.

निनवेच्या प्रश्नाचे उत्तर मला अर्धेच मिळाले. निनवे म्हणजे आजच्या इराकमधल्या मोसुलचा नदीपलीकडचा भाग. अश्शूरांचे क्रौर्य जगजाहीर होते, इ. स. पू. ६१२ साली ते शहर पडले तेव्हा पुष्कळांनी सुटकेचा श्वास घेतला असेल, आणि नहूमाच्या पुस्तकात तो मोकळा ऐकू येतो. योना त्याच्या उलट टोकाला. ज्यांनी आपल्याला छळले त्यांच्यावर देवाने दया करावी, हे योनाला सहनच होत नाही. त्यापेक्षा मरण बरे म्हणतो. पुस्तक संपते ते देवाच्या प्रश्नावर, आणि त्या प्रश्नात १,२०,००० माणसांबरोबर गुरेढोरेही आहेत. योनाचे उत्तर लिहिलेलेच नाही. २०१४च्या उन्हाळ्यात मोसुलमधून ख्रिस्ती कुटुंबांना हुसकावून लावले आणि योनाच्या नावाचे नबी युनूस हे मुसलमानांचे पवित्रस्थान सुरुंगाने उडवले. त्याच मुलखातले ख्रिस्ती लोक आजही दरवर्षी निनवेचा तीन दिवसांचा उपवास पाळतात. केरळातले सीरियन ख्रिस्तीही पाळतात. योम किप्पूरच्या दुपारी जगभरच्या सिनेगॉगमध्ये योना वाचला जातो, आणि आपल्या पुण्या-कोकणातल्या बेने इस्राएलांच्या सिनेगॉगमध्येही. छळ सोसलेल्या दोन समाजांनी वर्षातल्या गंभीर दिवसासाठी नहूम निवडला नाही, योना निवडला. माझ्या तरुण प्रश्नकर्त्याला मी एवढेच सांगू शकलो. नहूमही त्याच गुंडाळीत राहिला आहे, कारण चिरडलेल्या माणसाला रडायला आणि संतापायला जागा लागते. तिथे मुक्काम करायचा का, हे योना विचारतो.

आता मलाखी. हा शेवटचा, आणि आमच्यात सर्वांत जास्त वापरला जाणारा. दानाची थैली फिरण्याआधी तिसऱ्या अध्यायातले दहावे वचन ऐकले नाही असा ख्रिस्ती माणूस महाराष्ट्रात क्वचित सापडेल : दशांश भांडारात आणा, मग आकाशाच्या खिडक्या उघडतात की नाही ते पाहा. मी पुस्तक पहिल्या वचनापासून वाचले. पहिला अध्याय बहुतेक याजकांवर आहे. आंधळे, लंगडे, रोगी जनावर वेदीवर आणता, हेच तुमच्या सुभेदाराला नेऊन द्या बघू, असे त्यांना विचारले आहे. त्यापेक्षा कोणी मंदिराची दारेच लावून टाकली तर बरे. दुसऱ्या अध्यायात पुन्हा याजक, शिकवताना पक्षपात केला म्हणून. आणि तिसऱ्यात, दशांशाच्या पाच वचने अगोदर, देव स्वतः साक्षीदार म्हणून उभा राहतो. जादूटोणा करणारे, व्यभिचारी, खोटी शपथ वाहणारे यांच्याबरोबर त्याच रांगेत मजुराची मजुरी अडवणारे, विधवेला आणि अनाथाला नाडणारे, परक्याचा हक्क बुडवणारे.

पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणले. त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, ते पूर्ण प्रसिद्ध झाले. केडगावच्या मुक्तीसदनात दुष्काळातून आणलेल्या मुली आणि विधवा त्यांच्या अवतीभवती असताना त्या हे काम करत होत्या. मलाखीचे ते वचन त्यांनी कोणाच्या सोबतीने मराठीत लिहिले असेल, हे वेगळे सांगायला नको.

आमच्या मंडळीत या वर्षापासून दशांशाच्या रविवारी मलाखीचा तिसरा अध्याय पहिल्या वचनापासून वाचावा, अशी विनंती घरसभेने पाळकसाहेबांना लेखी केली आहे, आणि त्यांनी ती मान्य केली आहे. तुमच्या मंडळीत दहावे वचन वाचले जात असेल, तर पाचवेही वाचायला सांगा. आणि वाचण्याच्या आधी घरकाम करणाऱ्या बाईचा, शेतावरच्या गड्याचा, मंडळीच्या आवारात झाडलोट करणाऱ्याचा पगार चुकता झाला आहे की नाही ते पाहा.